केसाळ कोळी आणि घरातील मुले

श्रीवर्धनास ‘कोळी’ हा शब्द उच्चारला म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढे प्रथम जीवना बंदरावरील होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मासळीच्या पाट्या उभ्या राहतात. आढ्याच्या कोपऱ्यात जाळे विणून बसणारा आठ पायांचा कोळी त्यामागून आठवतो. येथे ज्या कोळ्याविषयी सांगावयाचे आहे तो मात्र या दोहोंहून निराळा. हा जाळे पसरून भक्ष्य पकडीत नाही. दबा धरून बसतो आणि झडप घालतो. तळहाताएवढा, अंगभर केसाळ आणि दिसावयास भयंकर असा हा जीव टॅरंटुला या नावाने ओळखला जातो. काचेच्या पेटीत मासे ठेवावेत, तद्वत् हा कोळी बाळगण्याची हौस अलीकडे आपल्याकडील काही शहरी घरांतही शिरली आहे.

मुंबई-पुण्यास शिकणारा एखादा तरुण दिवाळीच्या सुटीत असली पेटी घेऊन श्रीवर्धनास आपल्या घरी उतरला, तर काय होईल? आजी देवघरातून बाहेर यावयाची नाही, आणि धाकटी भावंडे पेटीपासून हलावयाची नाहीत. घरातील वडील माणसे बहुधा आजीची समजूत घालण्यात गुंततील. वास्तविक तिच्या भयाने कोणास अपाय व्हावयाचा नाही. लक्ष ठेवावयाचे ते मुलांच्या कुतूहलाकडे.

या प्राण्याचे नावच मुळी गैरसमजातून आलेले आहे. इटलीच्या दक्षिणेस तारांतो नावाचे शहर आहे. तेथील शेतांत आढळणाऱ्या एका कोळ्याचा दंश झाल्यास माणसाने बेभान नाचले पाहिजे, तरच विष उतरते, अशी तेथील लोकांची जुनी समजूत होती. तारांतेला या नृत्याचे नावही त्याच शहराशी जोडलेले आहे. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, त्यांना तेथे प्रचंड केसाळ कोळी दिसले, आणि त्यांनी घरचेच नाव त्यांना देऊन टाकले. इटलीतला मूळ कोळी वेगळ्याच कुळातला, पण नाव या कुळाला चिकटले ते कायमचेच.

आपल्या देशातही या कुळातील कोळी पुष्कळ आहेत. पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील अष्टपादांवरील ग्रंथात त्यांची वर्णने आढळतात. आदल्याच वर्षी, म्हणजे १८९९ साली, त्याने आंध्रातील गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका निळ्या कोळ्याचे वर्णन केले. त्यानंतर शंभर वर्षे तो कोळी शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांमधील जंगलात तो पुन्हा आढळला. मौज अशी की, आज युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांच्या घरी हा निळा कोळी काचेच्या पेट्यांत सुखाने नांदतो, आणि त्याच्या मायभूमीत मात्र तो नामशेष होण्याच्या पंथाला लागला आहे.

पाळण्याच्या दृष्टीने या कुळाचे दोन भाग करावे लागतात, आणि मुलांच्या घरी हा भेद फार महत्त्वाचा आहे. अमेरिका खंडातील बहुतेक जातींचे विष माणसाला सौम्य असते, पण त्यांच्या पोटावर सूक्ष्म खाजरे केस असतात. धोका वाटला की कोळी मागच्या पायांनी पोट घासतो आणि केसांचा लोट हवेत उधळतो. आपल्याकडील जातींना असे केस नसतात. त्याऐवजी त्या अत्यंत चपळ असतात आणि लवकर चावतात. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या आपल्या नक्षीदार कोळ्यांचा दंश झाल्यास कित्येक तासांनी सर्वांगाचे स्नायू वळतात व हे दुखणे काही दिवस टिकते. टॅरंटुलाच्या दंशाने मनुष्य दगावल्याची खात्रीलायक नोंद नसली, तरी लहान मुलाने असल्या वेदना का सोसाव्यात? ‘आपल्याच देशाचा आहे, तेव्हा बिनधोक असेल,’ हा तर्क येथे अगदी उलटा ठरतो. मुले असलेल्या घरी आपल्याकडील जाती पाळण्याचा विचारही करू नये. घरात कुत्र्याचे पिल्लू असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ऑस्ट्रेलियातील या कुळातील कोळ्यांच्या दंशाने माणसे बचावली, पण कुत्री थोड्या वेळात मेली, अशा नोंदी आहेत.

विषापेक्षा केसांची गोष्ट अधिक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडमधील लीड्स शहरी २००९ साली एक तरुण डोळा लाल झाला, पाणी गळते, उजेड सोसत नाही, अशी तक्रार घेऊन इस्पितळात आला. औषधांनी गुण येईना. डॉक्टरांनी डोळा दुर्बिणीने तपासला तेव्हा बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात केसांसारखे बारीक तंतू रुतलेले दिसले. मग त्या तरुणाला आठवले, की काही आठवड्यांपूर्वी आपल्या टॅरंटुलाच्या पेटीची काच पुसताना एक चिवट डाग निघेना, म्हणून तो त्यातच गढून गेला होता. मागे काही हालचाल भासली म्हणून वळून पाहतो, तो कोळ्याने केसांचा लोट त्याच्या तोंडावर सोडला. ते केस इतके बारीक होते, की चिमट्याने काढणेही शक्य झाले नाही. दीर्घकाळ औषधाचे थेंब घालावे लागले. हे एका जाणत्या माणसाचे झाले. मूल तर काचेला नाक लावूनच उभे असते.

म्हणून पेटीला कुलूप हवे आणि किल्ली मोठ्या माणसापाशी हवी. या कोळ्याच्या पायांच्या टोकांस असलेल्या केसांच्या गादीमुळे तो गुळगुळीत काचेवरही चढतो आणि झाकण सैल असेल तर ते उचलून बाहेर पडतो. पेटी उंच नसावी. मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक असू नये, कारण जमिनीवर राहणारा हा जड प्राणी हातभर उंचीवरून पडला तरी त्याचे मऊ पोट फुटते आणि तो मरतो. पुष्कळ हौशी लोक त्याला तळहातावर खेळवितात आणि त्याची छायाचित्रे मिरवितात. हा निव्वळ अविचार होय. कोळ्याला माणसाचा लळा लागत नाही. हात त्याच्या लेखी एक ऊन, हलणारी जमीन असते. दचकून मुलाने हात झटकला की प्राणी फुकट मरतो आणि मुलाच्या डोळ्यांत केस जाण्याचा संभव असतो.

पेटीत घालावयास नारळाच्या सोडणाचा भुसा उत्तम, आणि तो श्रीवर्धनास कोठेही मिळेल. मात्र सोडणे खाऱ्या पाण्यात कुजविलेली असतील, तर भुसा गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुऊन घ्यावा. कोरड्या प्रदेशातील जातींना कोकणचा पावसाळा मानवत नाही. आषाढ-श्रावणात कपाटातील चपलांनाही बुरशी येते, तेथे बंद पेटीची काय कथा? अशा दिवसांत भुसा कोरडा ठेवून पाण्याची उथळ वाटी तेवढी भरलेली असावी, आणि पेटीच्या बाजूंना हवेसाठी बारीक भोके असावीत. उन्हात पेटी कधीही ठेवू नये. काचेच्या आत ऊन कोंडते आणि कोळी भाजून निघतो. डास मारण्याच्या फवाऱ्यापासून तो दूर असावा. स्वयंपाकघरातले झुरळ पकडून त्याला खाऊ घालण्याची हौस मुलांना फार असते, पण त्या झुरळाने कोठे विष चाखले असेल तर कोळीही त्याबरोबर जाईल.

मुलांना सर्वांत गूढ वाटणारा प्रसंग म्हणजे कात टाकणे. कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे कोळी अन्नाला शिवत नाही. मग एके दिवशी तो चक्क उताणा पडून पाय वर करतो. घरात हाकाटी होते, की कोळी मेला. कोणी काडीने त्याला पालथा करावयास धावतो. तसे केले, तर तो खरोखरच मरण्याचा संभव असतो. मेलेला टॅरंटुला बहुधा पाय पोटाखाली दुमडून पडतो. उताणा पडलेला कात टाकीत असतो. काही तासांनी जुने कवच फाटते आणि त्यातून ओला, फिकट, नवा कोळी एकेक पाय ओढून बाहेर येतो. त्या वेळी त्याचे दातसुद्धा मऊ असतात. पेटीत जिवंत नाकतोडा राहिला असेल, तर तोच या राक्षसाला कुरतडून खाईल! म्हणून कात टाकण्याची चिन्हे दिसताच उरलेले किडे काढून घ्यावेत, आणि नंतर आठवडा-दोन आठवडे काही घालू नये. टाकलेली कात हुबेहूब कोळ्यासारखी दिसते आणि मुले ती मागतात. अमेरिकेतील जातीची असेल तर ती मुलांच्या हाती देऊ नये, कारण पोटाच्या सालीवर ते खाजरे केस तसेच शिल्लक असतात.

मुलांना या कामातून अगदी वगळावे असेही नाही. कात टाकल्याची तारीख लिहून ठेवणे, किती दिवसांनी खाल्ले ते टिपणे, काचेबाहेरून चित्र काढणे, ही कामे नऊ-दहा वर्षांचे मूल मोठ्या हौसेने करते. पेटी उघडावयाची ती मोठ्याने, मुले निजल्यावर किंवा शाळेत गेल्यावर, लांब चिमट्याने आणि डोळ्यांवर चष्मा चढवून. केस त्वचेला लागले तर चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढावी आणि पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पाण्याचा सपकारा मारून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

पेटीतला कोळी पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी वाडीत शोध घेऊ लागते. पोफळींच्या मुळाशी, जांभ्याच्या गडग्यात, विहिरीच्या काठाशी बिळे दिसली की त्यात बोट किंवा काडी घालून पाहण्याचा मोह होतो. तेथे त्याला हमखास थांबवावे. वाडीतल्या कोळ्याला तेथेच राहू द्यावे हे तर खरेच, पण गडग्याच्या फटीत कोळ्याऐवजी लाल विंचू असण्याचा संभव रायगड जिल्ह्यात फार मोठा आहे. कोळी दिसावयास भयंकर, म्हणून त्याची सर्वांना धास्ती. विंचू लहान, ओळखीचा, म्हणून त्याच्याविषयी गाफीलपणा. याच जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारी मुले पाहिली, रात्र-रात्र त्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, आणि हे मरण हृदय व फुप्फुसांवरील परिणामाने येते हे दाखविले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी वापरले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरांत तिसांच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या जवळपास आले. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, वांत्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात घटका न घालविता त्याला इस्पितळात न्यावे.

सुटीवर आलेल्या तरुणाला पेटी विकत घेण्यापूर्वीच दोन गोष्टी ठाऊक असावयास हव्या होत्या. पहिली म्हणजे आयुष्य. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांच्या जातीची मादी वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगते. नर मात्र वयात आल्यावर वर्ष-दोन वर्षांतच संपतो. आज सहा वर्षांचे असलेले मूल पदवीधर होईल तेव्हाही ही बाई पेटीत बसलेली असेल. दुसरी गोष्ट कायद्याची. ही लाल गुडघ्यांची जात १९८५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नियम निघाले. त्यांनुसार अशा यादीतील परदेशी प्राणी बाळगणाराने सरकारदरबारी नोंद करणे आवश्यक आहे. कंटाळा आला म्हणून परदेशी कोळी वाडीत सोडून देणे सर्वथा वर्ज्य.

सुटी संपल्यावर पेटी गावीच ठेवून जाण्याची कल्पना तरुणाच्या मनात येईलच. पूर्ण वाढलेला टॅरंटुला महिनाभर उपाशी राहू शकतो, पण पाण्याची वाटी कोरडी पडून चालत नाही, आणि वाटी भरावयाची तर कुलूप उघडावे लागते. आजी ते उघडणार नाही. धाकटी भावंडे उघडतील. तेव्हा कोळ्याला लहानशा, भोके पाडलेल्या डब्यात घालावे, आत ओलसर कापसाचा बोळा ठेवावा, डबा कापडात गुंडाळून पिशवीत सरळ उभा राहील असा बसवावा, आणि तो एस.टी.च्या टपावर न देता आपल्या मांडीवर घेऊनच निघावे.