मालमोटारीचे पाटे आणि रस्त्यावरील सुरक्षितता

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की राज्याच्या ग्रामीण भागातील रस्ते मालमोटारींनी गजबजून जातात. ऊस, कांदा, वाळू, खत, सिमेंट अशा नानाविध मालाची ने-आण याच वाहनांवर अवलंबून असते. या वाहनाचा सारा भार ज्यांवर तोलला जातो ते कमानीचे पाटे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. पाटा तुटून गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली म्हणजेच त्यांची आठवण होते. मग जवळच्या बाजारात जो स्वस्त पाटा मिळेल तो बसवून गाडी पुन्हा रस्त्यावर आणली जाते. अशा घाईच्या दुरुस्तीत कोणता धोका दडलेला असतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पाट्यांचे कार्य

कमान म्हणजे पोलादाच्या लांबीने कमी कमी होत जाणाऱ्या पट्ट्यांचा संच. हे पाटे मध्यभागी सेंटर बोल्टने एकत्र जोडलेले असतात आणि यू-बोल्टांनी आसावर घट्ट आवळलेले असतात. सर्वांत लांब अशा मुख्य पाट्याच्या टोकांना वळवून डोळे केलेले असतात. त्यांत बुश व पिन बसवून संच चासीला जोडला जातो.

खड्ड्यांचे धक्के सोसणे एवढेच पाट्यांचे काम आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अपुरा आहे. बहुतेक मालमोटारींत आस आपल्या जागी धरून ठेवण्याचे कामही पाटेच करतात. ब्रेक दाबल्यावर चाकांवर निर्माण होणारा जोर पाट्यांमार्फतच चासीपर्यंत पोहोचतो. मुख्य पाटा तुटला अथवा सेंटर बोल्ट कापला गेला, तर आस एका बाजूने मागे-पुढे सरकतो आणि गाडी आपोआप एकीकडे ओढू लागते. पुढच्या आसाच्या बाबतीत असे घडले तर सुकाणूवरील ताबाच धोक्यात येतो. खंबाटकी किंवा कसारा यांसारख्या घाटात अशा वेळी सावरण्यास पुरेशी जागा नसते.

निकृष्ट भाग कसे ओळखावेत

मूळ कारखान्याखेरीज इतरांनी बनविलेला प्रत्येक सुटा भाग वाईटच असतो, असे मानण्याचे कारण नाही. मोटारींच्या पाट्यांसाठी भारतीय मानक ठरलेले आहे आणि त्यानुसार माल तयार करणारे उत्पादकही आहेत. प्रश्न आहे तो मानक न पाळणाऱ्या, नकली अथवा जुन्यातून नवे केलेल्या भागांचा.

पाट्याचे बळ केवळ त्याच्या जाडीत नसते. ठरावीक मिश्रणाचे पोलाद तापवून तेलात विझविणे, नंतर पुन्हा बेताच्या उष्णतेवर आणून त्याला लवचिकपणा देणे आणि शेवटी पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून तो कणखर करणे, अशा प्रक्रियांतून ते बळ येते. भट्टीत लाल करून घणाने पुन्हा बाक दिलेल्या जुन्या पाट्यात हे गुण उरत नाहीत. तो एक तर लवकर बसतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. तुटलेला पाटा वेल्डिंगने सांधणे तर अधिकच घातक, कारण सांध्याच्या शेजारचा भाग ठिसूळ बनतो. ताज्या रंगाखाली जुनी भेग झाकली जाऊ शकते, हेही विसरता कामा नये.

यू-बोल्टांची गोष्ट निराळी नाही. एकदा पूर्ण आवळलेला बोल्ट ताणला जातो. तो काढून पुन्हा वापरल्यास पकड सैल पडते. पकड सैल झाली की पाटे आसावर हलू लागतात आणि सेंटर बोल्टवर नको तो ताण येतो.

जादा पाट्याचा मोह

अधिक माल भरता यावा म्हणून संचात एखादा जादा किंवा जाड पाटा घालण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा आठपट होतो. १२ मिलिमीटरऐवजी १४ मिलिमीटर जाडीचा पाटा घातला तरी तो दीडपटीहून अधिक ताठर असतो. परिणामी जादा वजन भरूनही गाडी खाली बसलेली दिसत नाही. मालक व चालक यांची समजूत होते की गाडी ते वजन पेलते आहे. वस्तुतः आस, चाकांचे बेअरिंग, टायर व ब्रेक पूर्वीचेच असतात.

काही वाहनांत मागील चाकांच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारी झडप असते. गाडी किती खाली बसली यावरून ती भाराचा अंदाज घेते. ताठर पाट्यांमुळे गाडी कमी बसली की झडपेला वाहन हलके वाटते व मागील ब्रेकना कमी दाब मिळतो. भार अधिक आणि ब्रेक दुबळे, अशी विपरीत स्थिती उद्भवते.

याची झळ रस्त्यांनाही बसते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या रस्ताचाचणीतून असे दिसून आले की, आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी साधारणतः त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार २० टक्के वाढला तर हानी जवळजवळ दुप्पट होते. ग्रामपंचायतीचा रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो, याचे एक कारण येथे सापडते.

कायद्याची तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा ठरविण्यात आल्या. याच दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये असा दंड ठेवण्यात आला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार चाकांच्या एकेरी आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. परंतु त्यामुळे जुन्या वाहनांचे पाटे बळकट झालेले नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेले वजन हीच त्या वाहनाची मर्यादा होय.

घ्यावयाची दक्षता

सुटे भाग पावती घेऊनच खरेदी करावेत आणि भाग-क्रमांक वाहनाच्या पुस्तिकेशी पडताळावा. पाटा बदलताना यू-बोल्ट व सेंटर बोल्ट नवे घालावेत, आणि थोडे अंतर चालल्यानंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. गाडी एका बाजूस कलते काय, पाट्यांवर भेग किंवा ताज्या घर्षणाच्या खुणा आहेत काय, हे चालकाने निघण्यापूर्वी पाहावे. योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी पाट्यांची संख्या व जाडी मूळ रचनेशी ताडून पाहणे उपयुक्त ठरते.

या कामी ग्रामीण कार्यकर्त्यांचाही हातभार लागू शकतो. हंगामापूर्वी वाहनमालक, चालक व मेस्त्री यांना एकत्र बोलावून ही माहिती देणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. ज्या रस्त्याने मुले शाळेत जातात त्यावरील वाहतुकीविषयी शिक्षकांनीही जागरूक राहणे इष्ट. स्वस्त पाट्याने वाचणारी रक्कम थोडी असते. तो तुटल्यावर द्यावी लागणारी किंमत मात्र चालकाबरोबरच रस्त्यावरील निरपराध माणसालाही मोजावी लागते.