नावे अनेक, कवी एक

घरातली पुस्तके वाढली की यादी करावीशी वाटते. वहीत मध्येच नवी नोंद बसवता येत नाही, म्हणून आपण संगणकाकडे वळतो. तिथे अडचण येते ती नावांची.

आम्हा मुसलमान लेखकांची नावे मराठीत एकाच तऱ्हेने लिहिली जात नाहीत. महंमद, मुहम्मद, मोहम्मद अशी रूपे चालतात. माझेच नाव तीन तऱ्हांनी छापलेले नायगावच्या माझ्या कपाटात आहे. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकर. हे वाचकाला ठाऊक असते, यंत्राला नसते. यादीत एका कवीचे दोन कवी होतात आणि शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच काम लागते.

यावर उपाय डेटाबेसचा. आयबीएममधील संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० साली त्याची एक सुटसुटीत रीत मांडली. माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची आणि सामाईक रकान्याने ते तक्ते जोडायचे. आपल्याला तीन तक्ते पुरेत. पहिल्यात प्रत्येक लेखकाला एक क्रमांक. दुसऱ्यात त्याची सगळी नावे, प्रत्येक नावापुढे तोच क्रमांक. तिसऱ्यात पुस्तके, त्यांच्यापुढेही तोच क्रमांक. मग कोणत्याही नावाने शोधा, सारी पुस्तके समोर येतात. कुणाचे नाव ‘सुधारावे’ लागत नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते.

माझ्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. ती विनामूल्य मिळते, आणि तिच्यावर चालणारे लिबरऑफिसचे ‘बेस’ही. टर्मिनलच्या खिडकीत ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबरऑफिस-बेस’ ही ओळ इंग्रजी अक्षरांत लिहावी व एंटर दाबावे. पासवर्ड लिहिताना पडद्यावर कधी कधी काहीच उमटत नाही. घाबरू नये, लिहीत राहावे. बेसमधल्या काही सोयींना जावा लागते, तीही बसवून घ्यावी.

बेस उघडल्यावर नवा डेटाबेस निवडून तक्ते आखावेत. लेखक-क्रमांकाच्या रकान्याला ‘प्रायमरी की’ करावे, म्हणजे एकच क्रमांक दोघांना जात नाही. मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न. तिच्या आराखड्यात नावांचा आणि पुस्तकांचा तक्ता आणून दोन्हींतले लेखक-क्रमांक माऊसने ओढून जोडावेत.

मजकूर युनिकोड मराठीतच लिहावा. सेटिंग्जमधून इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक जोडता येतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि शोध घेतला तरी सापडत नाही.

नोंदी भरून झाल्या की मूळ फाईलही सेव्ह करावी आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. सुरुवात दहाच पुस्तकांनी करावी. त्यांत दोन नावांनी लिहिणारा एखादा कवी मात्र जरूर घ्यावा, म्हणजे जोडणी बरोबर झाली की नाही ते लगेच कळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)