झाकणे ४, पण भोक कुठं लिहिलंय?

मित्रांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी प्लॅस्टिकच्या बाटलीची गाडी तुमच्यापैकी किती जणांनी केली आहे? झाकणांची चाकं, रिकाम्या रिफिलचा आस आणि रबरबँडची ताकद. गाडी पळते झकास! शेजारी तक्ता लावलेला असतो आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं : 'साहित्य – बाटली १, झाकणे ४, रिफिल २, रबरबँड १.'

आता जरा थांबा. बाटलीवरून काढलेलं झाकण आणि तुमच्या गाडीला लागलेलं झाकण ही एकच वस्तू आहे का? गाडीच्या झाकणाला मधोमध भोक आहे. तापवलेल्या सुईने पाडलेलं (आई शेजारी उभी होती, असं आपण धरून चालू). ते भोक तक्त्यावर कुठेच नाही. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ तुमचा तक्ता वाचून गाडी करायला बसला, तर बिचारा चार झाकणं समोर ठेवून डोकं खाजवत बसेल.

"हात्तिच्या! एवढ्याशा भोकाचं काय घेऊन बसलात?" असं तुम्ही म्हणाल. पण हा एवढ्याशा भोकाचा प्रश्न मोठमोठ्या कारखान्यांतही रोज पडतो. चला, तो बघायला आपण अकोल्याला जाऊ.

अकोला म्हटलं की कापूस आठवतो आणि डाळ आठवते. शहरातल्या डाळ मिल मोठ्या. पण गावातली तूर गावातच भरडता यावी, म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) एक लहान यंत्र तयार केलं. त्याचं नाव 'पीकेव्ही मिनी डाळ मिल'. या यंत्राचा जीव असतो त्याच्या रुळात. रुळावर खरखरीत एमरीचा थर असतो. तूर त्याच्यावर घासली की साल निघतं आणि डाळ फुटते. मग पंखा टरफलं उडवतो आणि चाळण्या डाळ-चुनी वेगळी करतात.

असं कोणतंही यंत्र घ्या, त्याचे भाग साधारण दोन घरचे असतात. सांगाडा, तोंडावरचा पत्र्याचा पेटारा, रूळ हे वर्कशॉपमध्ये घडवायचे. मोटर, पट्टा, बेअरिंग, नट-बोल्ट हे बाजारातून आणायचे. बाजारच्या वस्तूंची मोठी गंमत असते. बेअरिंगवर '६२०५' असा नंबर कोरलेला असतो. त्यातले शेवटचे दोन आकडे घ्या, ०५. त्यांना ५ ने गुणा. उत्तर २५! म्हणजे या बेअरिंगचं आतलं भोक २५ मिलिमीटर. (ही युक्ती ०४ पासून पुढेच चालते, ००, ०१, ०२, ०३ यांचं गणित वेगळं.) बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. ६२०५ अकोल्यात घ्या, अमरावतीत घ्या नाहीतर जपानमध्ये घ्या, मापं हीच. नंबर सांगितला की काम झालं. दुकानदार मान वर न करतासुद्धा वस्तू काढून देतो.

आता एक तिसरा प्रकार बघा. तो ना धड बाजारचा, ना धड घरचा. बाजारातून आणलेली, पण आपण हात लावून बदललेली वस्तू! आपलं भोक पाडलेलं झाकण याच जातीचं.

डाळ मिलसारख्या यंत्रात या जातीची हमखास सापडणारी वस्तू म्हणजे पुली, पट्टा ज्याच्यावर फिरतो ते बिडाचं चाक. दुकानात मिळणाऱ्या पुलीचं भोक बहुधा मुद्दामच लहान ठेवलेलं असतं. कारण कोणाचा शाफ्ट केवढा, हे पुली करणाऱ्याला काय ठाऊक? मग लेथवर नेऊन ते भोक आपल्या शाफ्टच्या मापाचं करून घ्यायचं आणि चावी बसायला आत एक खाच पाडायची. चावी म्हणजे कुलुपाची नव्हे हं! पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या मध्ये ठोकायचा लोखंडी तुकडा.

समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी अशी मिल घेतली आहे. उन्हाळा आहे. तुरीला तेल-पाणी लावून ती वाळत घातली आहे आणि नेमकी पुली तडकली. मिलसोबत आलेल्या कागदावर लिहिलं आहे, 'पुली, ६ इंची, बी गाळा, नग १'. गटातल्या एका काकूंचा मुलगा एसटीने अकोल्याला जातो, अगदी तश्शी पुली घेऊन येतो आणि ती शाफ्टवर चढतच नाही! दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोला. लेथवाला विचारतो, "भाऊ, शाफ्ट किती एमएमचा हाय? चावी केवढी?" पोरगा म्हणतो, "मले काय मालूम?" "मंग शाफ्ट कावून नाही आनला सोबत?" झालं! तिसरी खेप. इकडे आभाळ भरून आलेलं, तूर अंगणात आणि मिल बंद. कागदावर एकही शब्द खोटा नव्हता. फक्त भोक लिहायचं राहिलं होतं.

बरं, उलटी चूकही करता येते. कागदावर नुसतंच लिहिलं, 'मिल-०७, पुली, भोक २५ मि.मी., चावीची खाच ८ मि.मी., नग १', तर? नेमकं आहे, पण कोणत्या दुकानात 'मिल-०७' मिळणार? हे म्हणजे वाण्याला 'भरड वाटलेली डाळ द्या' म्हणण्यासारखं झालं. वऱ्हाडातला वडाभात आठवा. आई वड्यांसाठी डाळी भिजवून भरड वाटते. पण वाण्याच्या यादीत ती साधी डाळच लिहिते, आणि पोळपाटाशी वडे थापणाऱ्या ताईला मात्र वाटलेली डाळच देते. डाळ एकच, पण यादीतलं नाव दोन ठिकाणी दोन.

कारखान्यातली रीत हीच आहे. यंत्राच्या यादीला तिथे 'बिल ऑफ मटेरिअल' म्हणतात. बदललेल्या वस्तूला आपला नवा नंबर द्यायचा आणि तिचं वेगळं चित्र काढायचं. चित्रावर 'बाजारची अमुक पुली घ्यावी, भोक एवढं करावं, खाच एवढी पाडावी' असं स्पष्ट लिहायचं. यादीत 'मिल-०७' ही ओळ येते आणि तिच्या पोटात, जरा आत सरकवून, दुसरी ओळ येते : 'बाजारची पुली, ६ इंची, बी गाळा, नग १'. खरेदी करणारा आतली ओळ वाचतो, यंत्र जोडणारा बाहेरची. आत सरकवणं विसरायचं मात्र नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक सारख्याच लिहिल्या, तर एका यंत्राला दोन पुल्या येऊन पडतील आणि किंमतही दोनदा लागेल.

अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणारे दादा-ताई यंत्रं कॉम्प्युटरवर रेखाटायला शिकतात. त्याला 'कॅड' म्हणतात. त्यात यंत्र जोडलं की यादी कॉम्प्युटरच काढून देतो. वा, म्हणजे सुटलो! छे, इथेच खरी फसगत. कॅडमध्ये बोल्ट, बेअरिंग, पुल्या यांच्या तयार आकृत्यांचा साठा असतो. एखाद्याने त्यातली पुली उघडली, भोक १८ चं २५ केलं आणि त्याच नावाने जपून ठेवली, तर ती पुली जिथे जिथे वापरली असेल त्या सगळ्या यंत्रांत भोक २५ चं होऊन बसतं! कॉम्प्युटर तक्रार करत नाही, कारण नाव तेच आहे ना. म्हणून साठ्यातली पुली अखंडच ठेवायची. नव्या नावाचा एक भाग तयार करायचा, त्यात ती पुली बसवायची आणि भोक फक्त तिथे मोठं करायचं. मग यादीतही दोन्ही नावं आपोआप नीट उमटतात.

नंबरातल्या एका अक्षराची किंमत केवढी असते, ते १९९० साली इंग्लंडमध्ये दिसलं. १० जून रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,००० फुटांच्या वर असताना वैमानिकासमोरची काच उडाली आणि वैमानिक कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला! विमानातल्या कर्मचाऱ्यांनी त्याला घट्ट धरून ठेवलं, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं आणि नवल म्हणजे सगळेच्या सगळे वाचले. चौकशीत काय निघालं? ती काच नुकतीच बदलली होती. बोल्ट होते ९०. हवे होते 'ए२११-८डी', पण त्यातले ८४ लागले होते 'ए२११-८सी'. आकडा लांबीचा, अक्षर जाडीचं. फरक अवघा ०.६६ मिलिमीटर. बोल्ट बदलणाऱ्याने जुना बोल्ट शेजारी धरून नजरेनेच जोड लावली होती, पुस्तकातला नंबर पाहिला नव्हता. आणि तो जुना बोल्टही मुळात चुकीचाच होता! '७डी', म्हणजे जरा आखूड. त्यावर विमान उडत आलं होतं, इतकंच.

तडकलेली पुली समोर धरून 'अशीच द्या' म्हणण्यात हाच धोका असतो. त्या पुलीला आधी कोणी काय केलंय, ते तिच्याकडे बघून पुरतं कळत नाही.

तर आता तुमची प्रयोगवही काढा आणि 'झाकणे ४' पुढे लिहा : 'मधोमध भोक, २ मिलिमीटर', किंवा तुमचं असेल ते, पट्टीने मोजून. ते रिफिलवर घट्ट बसतं की सैल, हेही लिहा. घट्ट असेल तर रिफिल आणि चाक मिळून फिरतील. सैल असेल तर रिफिल जागच्या जागी राहील आणि चाक एकटंच गरगरेल.