हत्याराची केस: पंचनामा हाती घेऊन

घरातल्या कुणाला ‘आर्म्स ॲक्ट’खाली धरल्याचा फोन आला, की आपण ओळखीपाळखी शोधू लागतो. त्याआधी विचारावे, कलम कोणते लावले? शस्त्र अधिनियम, १९५९ मधले कलम ३ विनापरवाना बंदूक-पिस्तुलासाठी आहे, तर कलम ४ धारदार हत्यारांसाठी. गावठी कट्ट्याला कलम ३ सह २५ लागते आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन ते पाच वर्षे आहे. तलवार-कोयत्याला ४ सह २५, एक ते तीन वर्षे. महाराष्ट्रात जोडीला बहुधा पोलीस अधिनियमाचे ३७(१) सह १३५, म्हणजे मनाई आदेशाचा भंग, असतेच.

अटकेची कारणे सांगणे पोलिसांना बंधनकारक आहे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणेही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देते. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असते. त्यातली पळवाट माहीत नसते. आरोपीने सांगितले म्हणून हत्यार सापडले, तर त्या शोधापुरते बोलणे न्यायालयात चालते. “कुठे ठेवलंय ते दाखवतो” हे वाक्य म्हणूनच महागात पडते. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये.

आता पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली जप्तीची लेखी नोंद. खरी केस इथे असते, म्हणून तो सावकाश वाचावा. हत्यार कुठे सापडले: अंगावर, गाडीच्या डिकीत, की चौघे राहतात त्या खोलीत? पंच कोण? तेच पंच इतर केसमध्येही दिसतात का? मुद्देमाल (जप्त वस्तू) जागेवरच लाखेने सीलबंद केला का? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, ते मागावे.

कोयता असेल तर मोजमाप पाहावे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, पण घरगुती व शेतीची अवजारे वगळून. पंचनाम्यात ‘एक लोखंडी धारदार कोयता’ एवढेच असेल, तर वकिलाला धरायला जागा आहे. मात्र ऊसतोडीचा कोयता फडात सापडणे वेगळे आणि रात्री दोनला दुचाकीवर सापडणे वेगळे. शिवाय कलम ४ त्या भागाला लागू करणारी अधिसूचना सरकार पक्षाने दाखवायची असते.

जामीन नाकारला गेला तरी दिवस मोजत राहावे. वरच्या कलमांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हक्काने मिळतो. अर्ज मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी द्यावा लागतो. एक दिवस उशीर झाला तरी हक्क जातो. सर्वाधिक हळहळ इथेच ऐकू येते.

कलम ३च्या खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात ती आयुक्त देतात. ती नसेल, किंवा कागद न पाहता दिलेली असेल, तर केस लंगडी पडते. पिस्तूल चालू स्थितीत होते का, याचा न्यायवैद्यक अहवालही वाचावा.

साक्षीपुराव्यात मुख्य वाद ताब्याचा होतो. ‘टाडा’ या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या संजय दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ‘जाणीवपूर्वक ताबा’ हवा असे म्हटले. वस्तू जवळ आहे याची जाणीव हवी. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस निघाल्याचे गुन्हे उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्द केले आहेत. आपल्या वकिलाला खरे काय ते आधीच सांगावे. उलटतपासात त्याला धक्का बसू नये.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक सल्ला हमखास मिळतो: “कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा.” कलम २५च्या या गुन्ह्यांत नुसत्या दंडाची सोय नाही, कैदही आहे. किमान शिक्षेच्या खाली जायचे तर न्यायालयाला विशेष कारणे नोंदवावी लागतात. आणि कबुलीनंतर अपील उरते ते शिक्षेपुरतेच. पंचनाम्यातल्या चुका मग कुणी उघडून पाहत नाही.