पंखा फिरतो, पण आकडा दिसत नाही

दापोलीला लोक मिनी महाबळेश्वर म्हणतात. तरी मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत संगणक तापतोच. माझा संगणक २००८ सालचा. वडिलांनी वहीत लिहिलेल्या पावसाच्या नोंदी मी त्यात उतरवल्या आहेत आणि रोजची भरही त्यातच पडते. म्हणून प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचा वेग बघूनच मी कामाला बसतो. यंदा उन्हाळ्यात जुनी लिनक्स प्रणाली काढून नवी घातली आणि दोन्ही आकडे गायब झाले.

पहिला संशय आमच्या खाऱ्या, दमट हवेवर. पेटी उघडली, धूळ झाडली, पंख्याची पिन काढून पुन्हा बसवली. फरक शून्य. मग बायॉसच्या पडद्यावर गेलो, तर दोन्ही आकडे तिथे हजर! म्हणजे सेन्सर धडधाकट होता. नवी प्रणालीच त्याला विचारत नव्हती. सुरुवातीच्या संदेशांत कारणही सापडले: सेन्सर-चिपच्या पत्त्यावर ‘एसीपीआय’ने आधीच हक्क सांगितला आहे, सबब ड्रायव्हर चालू केला नाही.

एसीपीआय म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरने प्रणालीच्या हाती दिलेली कामांची यादी: वीज, झोप, तापमान, पंखे. सेन्सर-चिपशी बोलायला बहुधा दोनच दारे असतात. पहिल्या दारात कोणता रकाना हवा ते सांगायचे, दुसऱ्या दारातून त्यातला आकडा वाचायचा किंवा त्यात लिहायचा.

आगरात शिंपणे करणाऱ्याला यातला धोका लगेच कळेल. मी पाट एका पोफळीच्या आळ्याकडे वळवला आणि शेणकाला आणायला गेलो. तेवढ्यात दुसऱ्या गड्याने पाट नारळाकडे फिरवला. मी परत येऊन पाटात काला ओतला, तो गेला भलत्याच झाडाला. चूक दोघांचीही नाही. एकाच पाटावर एकमेकांना न विचारता दोघे काम करत होते. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांचे असेच होऊ शकते. हीच चिप पंख्याचा वेगही ठरवते. त्यामुळे चुकीच्या रकान्यात लिहिले गेले, तर पंखा थांबूही शकतो.

पूर्वी कर्नल इकडे काणाडोळा करत असे. २००९ साली आलेल्या २.६.३१ या आवृत्तीपासून नियम कडक झाला: फर्मवेअरने सांगितलेल्या पत्त्याला ड्रायव्हरने हात लावायचा नाही. फर्मवेअर तो पत्ता खरोखर वापरते की नुसते नाव लावून बसले आहे, हे कर्नलला कळत नाही. म्हणून तो सावध राहतो.

हा नियम सैल करता येतो. कर्नलला सुरू होताना ‘एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस’ या पर्यायापुढे ‘लॅक्स’ असे सांगितले की आकडे परत येतात. बरेच जण प्रथम हेच करतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय. आधी बायॉसची नवी आवृत्ती आहे का पाहावे. काही बोर्डांसाठी फर्मवेअरमार्फतच आकडे मागणारा वेगळा ड्रायव्हर असतो, तो शोधावा. आणि नियम सैल केलाच, तर निदान पंख्याचा ताबा तरी प्रणालीकडे घेऊ नये.

माझ्या बोर्डाला यातले पहिले दोन्ही उपाय लागू पडले नाहीत. पण इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटातच एक सेन्सर असतो. कमाल मर्यादेपर्यंत किती अंश उरले, हे तो सांगतो. ‘कोअरटेम्प’ हा ड्रायव्हर ते थेट प्रोसेसरकडून वाचतो, त्यामुळे वादाच्या चिपकडे जावेच लागत नाही. मी तेवढ्यावर भागवले. पंख्याचा रकाना रिकामाच आहे.

वडील गावाला गेले की पावसाच्या वहीत ती तारीख कोरी ठेवत. पाऊस न पडलेल्या दिवशी मात्र शून्य लिहीत. दोन्हींत गल्लत केलेली त्यांना चालत नसे. पंख्याचा कोरा रकाना मीही तसाच ठेवला आहे. महिन्यातून एकदा बायॉसमध्ये जाऊन वेग पाहतो, म्हणजे झाले.