वडिलांची नोकरी गेली, मुलाला लागली

मगरिबनंतरची वेळ. घरातली सगळी माणसे दस्तरखानावर जमली आहेत. धाकट्याला कॉलेजच्या कॅम्पस मुलाखतीतून नोकरी लागली म्हणून अम्मीने शेवयांची खीर केली आहे. अब्बा मात्र गप्प आहेत. आठ दिवसांपूर्वी त्यांना ऑफिसात बोलावून सांगण्यात आले, "तुमच्या कामाची आता गरज नाही, राजीनामा द्या." अठरा वर्षांची नोकरी. ही गोष्ट त्यांनी अजून घरात काढलेली नाही. ज्या महिन्यात बापाला महाग म्हणून काढले, त्याच महिन्यात मुलाला स्वस्त म्हणून घेतले, हे कसे सांगावे?

हे चित्र आम्ही कल्पनेतून रेखाटले आहे, पण पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या घरांना ते परके वाटणार नाही.

कंपनीचा हिशेब साधा असतो. अनुभवी माणसाच्या एका पगारात तीन-चार नवखे बसतात. नवखा रात्री उशिरापर्यंत थांबतो, घरची जबाबदारी नसते, उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून कपातीची यादी निघाली की जास्त पगारवाल्यांची नावे वर येतात. पुढे मंदी सरते आणि त्याच कामासाठी नव्या पदवीधरांची भरती सुरू होते.

हा हिशेब दरवेळी बरोबर येतोच असे नाही. अमेरिकेत सर्किट सिटी नावाची टीव्ही, कॅमेरे आणि संगणक विकणाऱ्या दुकानांची मोठी साखळी होती. मार्च २००७ मध्ये तिने सुमारे ३,४०० विक्रेत्यांना एकदम काढले. त्यांच्या कामात खोट नव्हती. बाजारभावापेक्षा त्यांना पगार जास्त आहे, एवढेच कारण कंपनीने दिले. त्यांच्या जागी कमी पगाराची माणसे घेतली. गिऱ्हाईकाला कोणता टीव्ही घ्यावा हे नीट समजावून सांगणारी माणसेच दुकानातून गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्च २००९ पर्यंत सगळी दुकाने बंद झाली. त्या वेळी अमेरिकेत मंदी होती, स्पर्धाही जबर होती, त्यामुळे सगळे खापर त्या एका निर्णयावर फोडता येणार नाही. पण जी माणसे कंपनीने खर्चाच्या रकान्यात मांडली, ती खरे तर तिची पुंजी होती.

आयबीएमचे प्रकरणही बोलके आहे. तेथे वयस्कर कर्मचाऱ्यांना हटवून तरुणांना जागा करून दिली जाते, अशा तक्रारी झाल्या. नोकरीतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या आयोगाने २०२० मध्ये या तक्रारींत तथ्य दिसते असा निष्कर्ष काढला. कंपनीने आरोप नाकारले. तिथे १९६७ पासून चाळिशी ओलांडलेल्यांना वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या देशात खासगी नोकरीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक अधिक असतील असेही सांगितले. बदललेल्या कामाला लागणारी कौशल्ये जुळत नाहीत, हे कारण कंपनीने दिले. कारण काहीही असो, चाळिशी-पंचेचाळिशीच्या माणसाच्या घरी त्या दिवसापासून धाकधूक सुरू झाली. याच वयात घराचे हप्ते, मुलांची फी, मुलीचे लग्न आणि म्हाताऱ्या आईबापांची औषधे एकत्र येतात.

मग अशा वेळी काय करावे? पहिली गोष्ट, दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नये. आपण स्वतः राजीनामा दिला की कायद्याच्या दृष्टीने ती कपात राहत नाही आणि कपातीचे हक्कही जातात. कागद घरी आणावा, वकिलाला किंवा कामगार संघटनेला दाखवावा, ऑफिसचे ईमेल आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

कपात करताना शेवटी आलेल्याला आधी काढावे, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. हा क्रम मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावे लागते. एक वर्ष सलग नोकरी झालेल्याला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. वर्षभरात मालकाने पुन्हा भरती केली, तर काढलेल्या कामगाराला आधी संधी द्यावी लागते. अन्याय झाला असे वाटले तर दोन वर्षांच्या आत दाद मागावी.

हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापक त्यात येत नाहीत. पण निव्वळ पदाच्या नावावर हे ठरत नाही, प्रत्यक्ष काम पाहिले जाते. कार्डावर 'मॅनेजर' छापले आणि हाताखाली एकही माणूस नाही, असे असेल तर सल्ला जरूर घ्यावा. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटीही मिळते, राजीनामा दिला तरीही. कंपनीचा आरोग्य विमा मात्र नोकरीबरोबर संपतो. तो स्वतःच्या नावावर चालू ठेवता येईल का, हे शेवटच्या दिवसाआधीच विमा कंपनीला विचारावे.

आता त्या मुलाविषयी. त्याने कुणाची नोकरी हिसकावलेली नाही. त्याला कमी पगारात राबवले जाणार आहे, शिकवणारे जाणते माणूसही शेजारच्या टेबलावर नसेल आणि वीस वर्षांनी त्याचे नावही त्याच यादीत वर येऊ शकते. बापाने मुलाच्या आनंदावर विरजण घालू नये आणि मुलानेही "अब्बांना नवे काही येत नाही" असे म्हणू नये. नवे सॉफ्टवेअर मुलाकडून शिकावे. गिऱ्हाईकाशी कसे बोलावे, चूक कुठे होते, हे बापाने मुलाला सांगावे.

आणि अब्बांना आमचे एकच सांगणे आहे. नोकरी जाणे हा गुन्हा नव्हे, ते घरापासून लपवू नका. रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि बागेत बसून संध्याकाळी परतायचे, ही तारांबळ किती दिवस चालणार? खर्चाला कुठे हात आवरायचा हे अम्मीला तुमच्यापेक्षा चांगले कळते. खीर संपायच्या आत सांगून टाका. सहीचा कागद अजून तुमच्याच खिशात आहे.