इंजिन बांधावे की बदलावे?

पुण्याहून पौडकडे निघाले की भूगाव आणि भुकूम मागे पडते आणि एक लहानसा घाट लागतो. तो ओलांडला की आपले पिरंगुट. पुढे पौड, मुळशीचे धरण, आणि ताम्हिणी घाट उतरून कोकणात माणगाव. या रस्त्याने रात्रंदिवस मालाच्या गाड्या चालतात. कुणी खडी नेतो, कुणी विटा, कुणी कारखान्याचा माल. शेतीच्या जोडीला एखादा जुना ट्रक बाळगणारी घरेही या बाजूला आहेत. पावसाने दगा दिला तरी ट्रकच्या भाड्यावर घर चालते.

असा ट्रक एक दिवस घाटात दम टाकू लागतो. मागून निळा धूर निघतो. दोन दिवसांआड ऑइल घालावे लागते. मिस्त्री बघतो आणि सांगतो, "शेठ, इंजिन गेलं. बांधायला पाहिजे." शेजारी उभा असलेला म्हणतो, "बांधता कशाला? कुर्ल्याहून दुसरं आणा अन् टाका. चार दिवसांत गाडी रस्त्यावर." तिसरा म्हणतो, "इकून मोकळे व्हा."

मालकाने काय करावे? रक्कम काही थोडीथोडकी नसते. कुणी घरातले डाग गहाण टाकतो, कुणी पतपेढीचे कर्ज काढतो. निर्णय चुकला तर गाडी जाते, डागही जातात आणि हप्ता मात्र मागे राहतो. म्हणून हा प्रश्न आपण जरा सावकाश पाहू.

आधी इंजिनात झिजते काय ते समजून घेऊ. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण पाहिले आहे. हवा दाबली की तापते. डिझेलच्या इंजिनात हेच होते. पिस्टन वर जातो आणि हवा दाबून सुमारे सोळा-सतरा पट लहान जागेत कोंबतो. ती हवा इतकी तापते की डिझेलचा फवारा आत येताच पेटतो. ठिणगी लावावी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियराने असे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवले. तेलाला डिझेल हे नाव त्याच्याच आडनावावरून पडले.

आता पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो, ते नळकांडे म्हणजे सिलिंडर. पिस्टनवर लोखंडी रिंगा असतात. त्या सिलिंडरला घट्ट टेकून हवा अडवतात आणि खालचे ऑइल वर येऊ देत नाहीत. रिंगा किंवा सिलिंडर झिजला की हवा निसटते, ताकद कमी होते आणि ऑइल वर चढून जळते. तोच निळा धूर. झीज किती लागते म्हणाल, तर माणसाच्या दोन-तीन केसांच्या जाडीएवढीसुद्धा पुरते. टाटांच्या जुन्या गाड्यांतले ६९७ नावाचे इंजिन पुष्कळांना माहीत आहे. त्यातला ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे सिलिंडरचे तोंड ९७ मिलिमीटर. एवढ्या मोठ्या तोंडात केसभर फरकाने बिघाड होतो! तेव्हा नुसत्या डोळ्याने पाहून इंजिन किती झिजले हे कोणालाच सांगता येत नाही, मिस्त्री कितीही जुना असो.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नये. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. त्याचे कारण चोंदलेला एअर फिल्टर किंवा खराब नोझल असू शकते. ते काम थोडक्यात होते. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही राहिला, तर एक तर डिझेल न पेटता बाहेर पडत आहे किंवा पाणी आत शिरत आहे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. हेडखालचे गॅस्केट फुटले असेल, किंवा हेडला तडा गेला असेल. निळ्या धुराचेसुद्धा कारण दरवेळी रिंगाच असते असे नाही. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सील गेले तरी ऑइल जळते. ताकद कमी झाली तर टॅपेट आणि पंपही बघावा.

मग इंजिन खरेच झिजले हे कशावरून ओळखावे? इंजिन चालू असताना ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, धूर भसाभसा येत असेल तर हवा रिंगांच्या बाजूने खाली निसटते आहे. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचा काटा खाली पडत असेल आणि आतून ठोका ऐकू येत असेल, तर बेरिंगांवर संशय घ्यावा. आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचे घड्याळ मिळते. ते लावून सगळ्या सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल तर तो एक व्हॉल्व्ह किंवा एक रिंग असू शकेल. सगळ्यांचाच कमी असेल तर गोष्ट वेगळी.

इंजिन खोलायचे ठरलेच, तर खोलल्यावर पुन्हा मोजावे. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि आडवा-उभा असा दोन्ही बाजूंनी मोजतात. वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून परत फिरते, तिथे झीज सर्वांत जास्त असते. तिथे नखाला कड लागते. क्रँकचे गळे मायक्रोमीटरने मोजतात. गळे झिजले असतील तर पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी घासून त्यांना जाड बेरिंग बसवता येते. पण आधीच दोन-तीनदा घासलेला क्रँक आणखी किती घासणार? ब्लॉकला तडा आहे का, हेड वाकले आहे का, हेही इथेच कळते. लेथवाल्याकडून ही सगळी मापे लिहून मागावीत. मालकाने माप मागितले म्हणून चांगला कारागीर कधी रागावत नाही.

या मापांवर निर्णय ठरतो. ब्लॉक शाबूत, क्रँक घासण्याजोगा, हेड दुरुस्त होणारे, तर आपलेच इंजिन बांधावे असे आम्हांला वाटते. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतात, नाहीतर नवे लायनर बसवतात. काही जण नुसत्या रिंगा आणि बेरिंग बदलून घेतात, त्याला हाफ काम म्हणतात. सिलिंडर मापात असेल तर ते ठीक. पण सिलिंडर लांबट झालेला असताना नव्या गोल रिंगा घालणे म्हणजे पैसे धुरात घालणे.

ब्लॉक फुटला असेल, क्रँक मोडला असेल, तर मात्र दुसरे इंजिन पाहणे भाग आहे. मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथले इंजिन स्वस्त आणि लवकर मिळते हे खरे. पण ते किती चालले, तापले का, पाण्यात बुडाले का, हे आपल्याला ठाऊक नसते. बाजारातून बैल आणताना आपण दात बघतो, चालवून बघतो. इंजिनही सुरू करून दाब मोजल्याशिवाय घेऊ नये. काही कंपन्या आपले जुने इंजिन जमा करून घेतात आणि दुरुस्त केलेले इंजिन हमीसह देतात. ते महाग पडते, पण हमी लेखी असते. कुणी म्हणेल, नव्या गाडीचेच इंजिन का घालू नये? कारण नव्या इंजिनांना कॉम्प्युटर आणि तारांचे जाळे लागते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बी.एस. ६ चे नियम लागू झाले. ते इंजिन जुन्या सांगाड्यात सहजी बसत नाही.

आता हिशेब. हे आकडे केवळ हिशेब दाखवायला घेतले आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा, पूर्ण इंजिनकामाला १,८०,००० रुपये लागले आणि इंजिन तीन वर्षे, म्हणजे ३६ महिने टिकले. महिन्याला ५,००० रुपये पडले. समजा, जुने इंजिन बसवून १,००,००० रुपयांत काम झाले. तेही ३६ महिने टिकले तर महिन्याला २,८०० रुपयांच्याही आत पडले. फारच चांगले! पण ते दहा महिन्यांतच बसले, तर महिन्याला १०,००० पडले आणि पुन्हा इंजिनाचा खर्च पुढे उभा राहिला.

आणि तिसरी बाजू बघा. तेच १,८०,००० रुपयांचे काम आपण केले, पण चेसिस गंजलेली असल्यामुळे गाडी वर्षभरातच पासिंगला नापास झाली. मग महिन्याला १५,००० पडले. इंजिन तेच, मिस्त्री तोच, खर्च मात्र तिप्पट. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली तर आपण नवी चढवतो. पण आख मोडकळीला आला असेल आणि चाकाचे आरे सैल झाले असतील, तर आधी धावेवर पैसे घालत नाही. ट्रकचेही तसेच आहे. इंजिनाला हात लावण्यापूर्वी चेसिस, गिअरपेटी, डिफरन्शियल आणि पाटे तपासून घ्यावेत. व्यापारी गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. गाडीचे पुढचे पासिंग कधी, फी किती, हे आर.टी.ओ. कचेरीत विचारून मग इंजिनाचा हिशेब मांडावा. कधीकधी हिशेब असा निघतो की बांधूही नये, बदलूही नये, आहे तशी गाडी देऊन टाकावी. हे ऐकायला जड वाटते. ज्या गाडीने लेकीचे लग्न काढले ती विकायला हात होत नाही. तरी कर्ज काढून ती उभी ठेवण्यापेक्षा ते बरे.

दुसरे इंजिन घातले तर कागदाचे काम विसरू नये. इंजिनाचा नंबर आर.सी. मध्ये लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीतल्या अशा फेरबदलांचे नियम आहेत. काम करण्यापूर्वी कचेरीत विचारावे, नवा नंबर चढवून घ्यावा आणि विमा कंपनीलाही कळवावे. विक्रेत्याकडून इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल घ्यावे. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गाडीत निघाले तर घाम फुटेल.

एक प्रश्न पुष्कळ जण विचारतच नाहीत. आधीचे इंजिन झिजले कशाने? खडीच्या गाडीत याचे उत्तर अनेकदा धुळीत असते. क्रशरची धूळ म्हणजे दगडाचे पीठ. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीला चीर पडली असेल, तर ते पीठ थेट आत जाते आणि ऑइलात मिसळून जात्यासारखे काम करते. ती नळी तशीच ठेवली तर नव्या रिंगा काही महिन्यांत जुन्या होतात. रेडिएटर चोंदलेला असेल तर घाटात इंजिन तापते आणि हेड वाकते. म्हणून इंजिनकामाच्या अंदाजपत्रकात फिल्टर, नळ्या, क्लिपा आणि रेडिएटर साफ करणे हेही लिहून घ्यावे. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत.

इंजिन बांधून आले की पहिले काही दिवस पूर्ण भार घालू नये. फार वेळ उभ्या गाडीत नुसते चालूही ठेवू नये. बेताचा माल घालून, वेग कमीजास्त करत चालवावे, म्हणजे रिंगा सिलिंडरला बसतात. रोज सकाळी ऑइल आणि पाणी बघावे. पहिले ऑइल नेहमीपेक्षा लवकर, मिस्त्री सांगेल तेवढ्या किलोमीटरला काढून टाकावे, कारण घासणीचा बारीक कीस त्यात असतो. आणि पहिला भरलेला फेरा ताम्हिणीचा घेऊ नये. आधी आपलाच पिरंगुटचा घाट चढून बघावा आणि वर पोचल्यावर गाडी थांबवून काटे पाहावेत.